कुणालाही न विचारता खाता यावं असं ताट

नागपूरच्या ईस्टरला ओव्हन नकोसा होतो. हा सण चंद्रावर चालतो. ढोबळ नियम असा, की २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्या पुढच्या रविवारी ईस्टर. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यात कुठेही येतो. २००८ साली तो २३ मार्चला होता, २०११ साली २४ एप्रिलला. आमच्या गावात हे दोन वेगळे ऋतू आहेत. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पहाटे अजून चादर ओढावीशी वाटते. एप्रिलच्या शेवटी कूलरची टाकी दुपारीच तळाला जाते आणि सकाळी नऊच्या आत स्वयंपाक उरकावा लागतो. त्या दिवसांत तासन्‌तास ओव्हन तापवून घरात आणखी ऊन आणायला कुणी तयार नसतं.

नाताळची गोष्ट निराळी. थंडीच्या दिवसांत मैदा, तूप, साखर घेऊन मोहल्ल्यातल्या बेकरीत जायचं, आपल्यासमोर नानखटाई भाजून घ्यायची, गरम डबे कापडात गुंडाळून घरी आणायचे. भट्टीसमोर उभं राहणं हाच त्यातला आनंद. ईस्टरला आमच्या घरी भट्टीचं काम नसतं. गॅस लागतो, शेवया परतायला किंवा चायना ग्रास विरघळवायला. बाकी सगळं थापायचं, वळायचं, ओतायचं आणि फ्रिजमध्ये ठेवून द्यायचं.

पण उकाडा हे अर्धंच कारण आहे. दुसरं कारण माझ्या जास्त जिव्हाळ्याचं.

माझी आई नाताळला दोन प्रकारची ताटं लावायची. एक केकचं, आपल्या चर्चच्या मंडळीतल्या घरांसाठी. दुसरं करंज्या, शंकरपाळे, चिवड्याचं, गल्लीतल्या इतरांसाठी. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, आईचा हेतूही आदराचाच होता. कधी केकची फोड समोरच्या काकूंकडे गेलीच, तर त्या ताट हातात घेऊन हळूच विचारायच्या, "यात अंडं असंल ना गं?" लहानपणी मला त्या प्रश्नाचं वाईट वाटायचं. आता वाटत नाही. आपल्या पोटात काय जातंय हे विचारायचा अधिकार खाणाऱ्याला आहेच. पण तो प्रश्न त्याला विचारावा लागू नये, एवढं काम देणाऱ्याने आधीच करून ठेवावं असं मला मनापासून वाटतं. ईस्टरचं ताट माझ्या हाती आलं तेव्हा मी ठरवलं, की ताट एकच प्रकारचं असेल आणि ते गल्लीतल्या कुठल्याही दारात तसंच्या तसं जाईल.

आपल्याकडे हे दिवसही असे असतात, की सगळ्यांची ताटं एकमेकांच्या घरात फिरत असतात. पाडव्याचं श्रीखंड येतं, रामनवमीचा प्रसाद येतो, चौदा एप्रिलला निळ्या झेंड्यांच्या गल्लीतून खीर येते. २०२२ साली तर कमालच झाली. १० एप्रिलला रामनवमी, १४ तारखेला डॉ. आंबेडकरांची जयंती आणि महावीर जयंती एकाच दिवशी, दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे, शनिवारी हनुमान जयंती, रविवारी १७ तारखेला ईस्टर, आणि हे सगळं रमजानच्या महिन्यात. आलेलं ताट रिकामं परत करायचं नाही, ही रीत तर सगळ्यांचीच. त्या आठवड्यात आमच्या ओट्यावर आपली भांडी कुठली आणि शेजारची कुठली हे ओळखता येत नव्हतं.

अंडं काढलं की झालं, असंही नाही. भट्टीशिवाय होणारे विलायती गोडाचे प्रकार बघायला गेलं तर मूस, मार्शमेलो, फ्रिजमध्ये जमवलेला चीजकेक, यांतल्या बऱ्याच ठिकाणी जिलेटिन असतं. ते जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढतात. म्हणजे समोरच्या काकूंनाही चालत नाही, पलीकडच्या खाला घेतील की नाही हे ते जिलेटिन कुठून आलं यावर ठरतं, आणि कोपऱ्यावरच्या जैन आजींचा तर प्रश्नच नाही. त्यांच्यासाठी मी चायना ग्रासकडे वळले. ते समुद्री शेवाळापासून होतं. आपल्या आयांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत दुधातली चायना ग्रासची बर्फी केलेली आहे, त्यामुळे ते काही नवं नाही.

आणि मग कळलं की नागपूरच्या हवेलाही तेच हवं होतं. जिलेटिनची जेली तोंडात विरघळते ती ते अंगाच्या उष्णतेला वितळतं म्हणून. आता एप्रिलमधल्या दुपारी आमच्या स्वयंपाकघरातली हवाच जवळजवळ तेवढी गरम असते. ती जेली टेबलावर आणेस्तोवर तिचं सरबत होतं. चायना ग्रासचं उलट आहे. ते पस्तीस-चाळीस अंशांच्या आसपास, म्हणजे नुसतं ओट्यावर ठेवलं तरी जमायला लागतं, आणि एकदा जमलं की साधारण ८५ अंशांपर्यंत तापवल्याशिवाय पुन्हा वितळत नाही. शेजाऱ्यांचा मान राखायला जे घेतलं, तेच उन्हातही टिकलं. मला या योगायोगाचा दरवेळी आनंद होतो.

या ताटातला राजा म्हणजे संत्र्याच्या फोडी. नागपुरी संत्र्याचे दोन बहार. आंबिया बहाराची फळं दिवाळीच्या आगेमागे येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे ईस्टर लवकर आला तर भरपूर संत्री, उशिरा आला तर शेवटची, सालीला थोडी सैल झालेली, पण गोडीला भारी. आपल्या संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बाकी जगाला ते कागदावर दिसतं, मला ते सालीत दिसतं. माल्टा किंवा किनो अर्धा कापला तर साल गराला चिकटून असते, चमच्याने खरवडावी लागते. नागपुरी संत्रं आडवं कापून बोट फिरवलं की गर अलगद सुटतो आणि सालीची स्वच्छ वाटी हातात येते. त्या वाट्या स्टीलच्या छोट्या वाट्यांत बसवायच्या, म्हणजे कलंडत नाहीत.

रसाचं मात्र एक तंत्र आहे, आणि ते संत्र्याच्या गावात राहूनही अनेकांना माहीत नसतं. हा रस काढून ठेवला की कडवट होतो. संत्र्याच्या बियांत आणि पाकळ्यांच्या पांढऱ्या पडद्यांत जे द्रव्य असतं, त्यापासून रसाच्या आंबटपणात हळूहळू लिमोनिन तयार होतं. ताज्या रसात ते जाणवत नाही, थोड्या वेळाने जाणवतं, आणि रस उकळला तर फार लवकर जाणवतं. म्हणून मिक्सरमध्ये सगळं फिरवायचं नाही. बिया काढून, हाताने दाबून, गाळून, अगदी ओतायच्या आधी रस काढायचा. चायना ग्रासच्या कांड्या, साधारण दहा ग्रॅम, दोन कप पाण्यात अर्धा तास भिजवून मंद आचेवर पूर्ण विरघळू द्यायच्या, एकही धागा दिसता कामा नये. त्यात साखर घालून गॅस बंद. वाफ बसली की मग रस, असा की सगळं मिळून लिटरभर होईल. रस फ्रिजमधला गार असेल तर चायना ग्रास तिथल्या तिथे गोळे धरतं, म्हणून तो ओट्यावरच ठेवलेला हवा. आणि रस गॅसवर चढवायचा नाही, कारण कडवटपणा येतो तो येतोच, शिवाय आंबट रसाबरोबर उकळलं की चायना ग्रासची जमण्याची ताकदही कमी होते. सालींच्या वाट्यांत ओतून जमलं, की ओल्या सुरीने प्रत्येक वाटीचे दोन-तीन काप. ताटात लांबून खरीच संत्र्याची फोड वाटते. लहान पोरं आधी ती सोलायला बघतात.

चक्क्याचा प्रकार करायला त्याहून सोपा, पण उन्हाळ्यात लक्ष मागतो. एप्रिलमध्ये दही तीन-चार तासांत लागतं आणि लगेच आंबटही होतं. खुंटीला टांगलेला चक्का संध्याकाळपर्यंत नाकाला लागतो. त्यामुळे दही गोड असतानाच फडक्यात बांधून, चाळणीवर ठेवून, चाळणीखाली पातेलं ठेवून थेट फ्रिजमध्ये. रात्रभरात पाणी निघतं. त्यात पिठीसाखर, वेलची, संत्र्याच्या वरच्या केशरी सालीचा कीस. खाली मारी बिस्किटांचा थर. मारी हे बिस्किटच मुळी एका समारंभासाठी जन्माला आलं. १८७४ साली रशियाची राजकन्या मारिया आणि ड्यूक ऑफ एडिनबरो यांचं लग्न झालं, त्यानिमित्त लंडनच्या पीक फ्रीन्स कंपनीने ते काढलं. आज ते आपल्याकडे चहात बुडवायचं आणि आजारी माणसाला द्यायचं बिस्किट आहे. मला त्याला पुन्हा सणाच्या ताटात बसवायला आवडतं. दोनशे ग्रॅम बिस्किटांच्या चुऱ्याला शंभर ग्रॅम लोणी असं प्रमाण सगळीकडे सांगतात. थंड प्रदेशात ते बरोबर आहे. आमच्याकडे लोणी ताटातच मऊ पडतं आणि थर ढासळतो, म्हणून लोण्याचा थोडा भाग कमी करून त्या जागी वितळवलेलं चॉकलेट घालावं. आणि कापून वाढण्याचा हट्ट सोडून काचेच्या छोट्या वाट्यांत लावावं. तिथे त्याला कुणाच्या आधाराने उभं राहायचं नसतं.

लिंबाची वाटी तर दहा मिनिटांचं काम. घट्ट गोड दुधाच्या, म्हणजे कंडेन्स्ड मिल्कच्या, चारशे ग्रॅमच्या डब्यात अर्धी वाटी ताजा लिंबाचा रस घालून फेटलं, की आंबटामुळे दुधातली प्रथिनं एकमेकांना धरतात आणि चूल न पेटवता ते घट्ट होतं. संत्र्याचा रस घालून हे होत नाही, तेवढा आंबटपणा त्यात नसतो.

अंड्यांचा प्रश्न मात्र आत्याने उभा केला, आणि तो खराच होता. "अंड्याशिवाय ईस्टर कसा करून राहिली गं तू?" मध्ययुगात ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या चाळीस दिवसांत मांसाबरोबर अंडीही वर्ज्य होती. कोंबड्या काही उपवास पाळत नव्हत्या, त्यामुळे घरोघरी अंडी साचायची आणि ईस्टरला ती मेजवानीत यायची. शिवाय बंद कवच आणि त्यातून बाहेर येणारा जीव, यात लोकांना येशूची बंद कबर आणि पुनरुत्थान दिसलं. आत्याला हे चिन्ह सोडायचं नव्हतं, आणि मलाही नाही. म्हणून आमच्या पोरांसाठी कांद्याच्या सालींत उकडलेली लाल अंडी होतात, ती घरातल्या टेबलावर वेगळी टोपलीत राहतात. बाहेर जाणाऱ्या ताटात अंडी असतात ती काजूची.

मुंबईच्या ईस्ट इंडियन आणि गोव्याच्या घरांमधून ईस्टरची मार्झिपानची अंडी होतात, तिथेही बदामाच्या जागी काजू आला. काही जण त्यात अंड्याचा पांढरा बलकही घालतात, तो आम्ही घालत नाही. मराठी हाताला हे जड नाही, काजूकतलीचाच गोळा. पाव किलो काजू मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवायचे. एकदम फिरवले तर उन्हाळ्यात काजू लगेच तेल सोडतो आणि पूड न होता लगदा होतो. त्याच्या निम्मी पिठीसाखर, चमचाभर दुधाची पावडर, आणि गुलाबपाणी थेंबाथेंबाने. मळून छोटी अंडी वळायची, काही केशराने पिवळी, काही गुलाबाच्या सरबताने गुलाबी. पोरं नवीन दातब्रश कोकोच्या पाण्यात बुडवून त्यावर ठिपके उडवतात. लावरीच्या अंड्यांवर असतात तसे.

अंडी ठेवायला घरटी हवीत, आणि ती या दिवसांत आपल्या गच्चीवरच वाळत असतात. कुरड्या, पापड, सांडगे यांच्या शेजारी शेवयाही पसरलेल्या असतात. हातच्या बारीक शेवया तुपावर बदामी परतून, त्यात घट्ट गोड दूध आणि दुधाची पावडर घालून, तूप लावलेल्या वाटीच्या तळाशी अंगठ्याने दाबायच्या. गार झालं की घरटं निघतं. परदेशात हीच घरटी चॉकलेट आणि कॉर्नफ्लेक्सची करतात, पण इथे शेवयांची चव जास्त ओळखीची. खाला तर म्हणाल्या, "ये तो हमारी ही चीज है." त्यांच्याकडे ईदला शीरखुर्म्यात जातात त्या शेवया इतवारीच्या बाजारातल्याच.

चॉकलेटबद्दल थोडक्यात. खऱ्या चॉकलेटमधलं कोको बटर ३४ अंशांच्या आसपास पूर्ण वितळतं, त्यामुळे दुपारी गल्ली ओलांडेपर्यंत त्याचं काही खरं नसतं. बाहेर पाठवायचं असेल तर वनस्पती तेलाचं कंपाउंड चॉकलेट जरा जास्त तग धरतं आणि जमवायला कसलंही तंत्र लागत नाही. चवीला मात्र मी खऱ्याच्याच बाजूने आहे, म्हणून बिस्किटांचा चॉकलेट रोल घरी आलेल्यांसाठी, फ्रिजमधून काढून लगेच. आणखी एक गोष्ट फक्त उन्हाळी नागपूरकराच्या लक्षात येईल. मुंबईत फ्रिजमधून काढलेलं चॉकलेट दमट हवेने घामाघूम होतं. आमची हवा कोरडी, इथे तो त्रास फारसा नाही. पण तेच ताट कूलरच्या झोतात ठेवलं तर ओली हवा लागून चॉकलेट चिकट होतं आणि पिठीसाखर विरघळते. टेबल कूलरपासून लांब मांडावं, पाहुण्यांना कूलरसमोर बसवावं.

शनिवारी दुपारपर्यंत सगळं फ्रिजमध्ये गेलेलं असतं. मग घरात एकच ओरडा असतो, फ्रिज उघडू नका, गार पाणी माठातलं प्या. लाइन गेली तर दार अजिबात उघडायचं नाही. येशू कबरेत होता त्या शनिवारचं शुभवर्तमानांत फार थोडं लिहिलं आहे. लूकच्या शुभवर्तमानात मात्र एक ओळ आहे, की कबर पाहून परत आलेल्या स्त्रियांनी सुगंधी द्रव्यं आणि तेलं तयार केली आणि शब्बाथ, म्हणजे विसाव्याच्या, दिवशी आज्ञेप्रमाणे स्वस्थ राहिल्या. माझ्यासाठी ही ओळ फार जवळची आहे. हाताने जेवढं करता येण्यासारखं होतं तेवढं त्यांनी करून ठेवलं होतं. आता पहाट होईपर्यंत त्यांच्या हाती काही नव्हतं. शनिवारी संध्याकाळी ओटा पुसून झाल्यावर मी त्या बायांचा विचार करते.

रविवारी पहाटे दफनभूमीत जायचं, आपल्या माणसांच्या कबरींवर फुलं ठेवायची, मेणबत्त्या लावायच्या, मग उपासना. सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलपाशी आलं की मला २९ नोव्हेंबर १९७० आठवतो, म्हणजे मोठ्यांच्या तोंडून ऐकलेला. वेगवेगळ्या परंपरांच्या सहा मंडळ्या त्या दिवशी याच शहरात एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं राहिलं. बाप्तिस्मा लहानपणी द्यावा की मोठेपणी, अशा प्रश्नांवर ज्यांचं पिढ्यान्‌पिढ्या पटलं नव्हतं, ते एका मेजावर बसायला तयार झाले. त्यासाठी त्यांना वर्षानुवर्षं बोलणी करावी लागली. गल्लीतल्या ताटासाठी आपल्याला फक्त जिन्नस बदलायचे असतात.

घरी आल्यावर ऊन चढायच्या आत ताटं निघतात. काकूंचं आधी. अपवाद फक्त जैन आजींच्या ताटाचा, त्यात चक्का नाही, कारण रात्रभर राहिलेलं दही त्यांना चालत नाही. त्यांना काजूची अंडी दुगुणी, आणि ती सूर्य मावळायच्या खूप आधी. रमजान असेल तर खालांचं ताट संध्याकाळी, रोजा सुटायच्या जरा आधी, संत्र्याच्या फोडी जास्त. आता कुणी काही विचारत नाही. ताट घेतात, आणि पोरं दारातच सुरू करतात.

काकूंनी मात्र एकदा विचारलंच, पण वेगळं. भाद्रपदात त्यांच्याकडे महालक्ष्म्या बसतात. आंबील, पुरणपोळी, सोळा भाज्या, सगळं साग्रसंगीत. त्याच्या आदल्या आठवड्यात त्या कागद-पेन घेऊन आमच्याकडे आल्या. हळदीकुंकवाला येणाऱ्या बायांसाठी त्यांना त्या फोडी करायच्या होत्या. संत्र्याचे दिवस नव्हते, बाजारात मोसंबी होती. मी म्हटलं, मोसंबीची साल घट्ट असते, चमच्याने नीट कोरावी लागेल, आणि तिचा रस तर संत्र्याहून लवकर कडू होतो. काकूंनी सगळं लिहून घेतलं, कांड्या किती, पाणी किती. दारापर्यंत जाऊन परत वळल्या.

"म्हणजे रस उकळायचाच नाही ना?"

"नाही काकू. गॅस बंद करून, वाफ बसल्यावरच घाला."

त्यांनी तेही लिहिलं, आणि त्याखाली रेघ ओढली.